पैठणहून जालन्याला येणारं पाणी वाटेत वीज कुठे खातं?

जालना शहराची तहान मुख्यतः दोन ठिकाणच्या पाण्यावर भागते. एक घाणेवाडीचा तलाव. निजामाच्या काळात बांधलेला, शहरापासून जवळ आणि शहरापेक्षा उंचावर. दुसरं पैठणचं जायकवाडी धरण. ते सरळ रेषेत मोजलं तरी पासष्ट किलोमीटरच्या आसपास लांब, आणि शहरापेक्षा खाली.

घाणेवाडीचं पाणी उताराने येतं. ना पंप, ना मोटार. लाइट असो वा नसो, व्हॉल्व्ह उघडला की पाणी निघालं. जायकवाडीचं पाणी मात्र उचलावं लागतं, ढकलावं लागतं, आणि त्याच्या प्रत्येक थेंबामागे मीटर फिरत असतो.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? उंचावर पाणी चढवायचं तर वीज लागणारच. बरोबर आहे. पण खरी गंमत पुढे आहे. पैठणहून जालन्याला येणाऱ्या पाण्याची बरीचशी वीज उंची चढण्यात जातच नाही. ती जाते पाइपच्या भिंतीशी घासण्यात.

ती किती जाते आणि कशी वाचवता येते, हे सांगणाऱ्या शास्त्राला द्रवगतिकी म्हणतात. इंजिनिअरिंगची पोरं ज्याला ‘फ्लुइड’ म्हणून घाबरतात तोच हा विषय. जालना जिल्ह्यात तो पाण्याच्या लाइनमध्ये दिसतो, लोखंडाच्या भट्टीत दिसतो आणि मोसंबीच्या बागेतल्या ठिबकच्या नळीतही दिसतो.

उंची किती, घर्षण किती?

आधी साधं गणित बघू. एक हजार लिटर पाणी १०० मीटर उचलायला भौतिकशास्त्राच्या नियमाने ०.२७ युनिट वीज लागते. पण पंप आणि मोटार मिळून शंभरातली तीसेक टक्के वीज स्वतःच खातात. म्हणून मीटरवर पडतात साधारण ०.३९ युनिट. हजार लिटरला अर्धं युनिटसुद्धा नाही. स्वस्त वाटतं ना? थांबा.

जायकवाडीचा नाथसागर पूर्ण भरला की पाण्याची पातळी १५२२ फूट असते, म्हणजे समुद्रसपाटीपासून जवळपास ४६४ मीटर. जालना शहर ५०० मीटरच्या आसपास आहे. फरक धरा ४० मीटर. वाटेतले चढ-उतार सोडून देऊ.

आता उदाहरणासाठी एक लाइन कल्पू. लांबी ७० किलोमीटर, पाइपचा व्यास एक मीटर, आतून बऱ्यापैकी गुळगुळीत, पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर. म्हणजे माणूस रमतगमत चालतो त्याहूनही थोडा कमी. एवढ्या संथ पाण्याला घर्षण ते काय असणार, असं वाटतं. पण हिशेब केला तर दर किलोमीटरला सुमारे ०.८ मीटर उंचीएवढा दाब भिंतीशी घासण्यात जातो. ७० किलोमीटरला झाले ५७ मीटर.

म्हणजे चढ ४० मीटरचा आणि घर्षण ५७ मीटरचं. पंपाच्या दृष्टीने तुम्ही पाणी ४० नाही, ९७ मीटर उचलताय. निम्म्याहून जास्त वीज अशा एका डोंगरावर खर्च होते, जो नकाशावर नाहीच.

आता हाच पाइप स्वस्तात घ्यायचा म्हणून एक मीटरऐवजी ८० सेंटिमीटरचा टाकला असं समजा. पाणी तेवढंच न्यायचंय. पाइप २० टक्के बारीक झाला, तर घर्षण २० टक्के वाढेल? नाही. ते तिपटीहून थोडं जास्त होतं. ५७ मीटरचे १७४ मीटर. कारण तेवढंच पाणी न्यायचं असेल तर घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. शाळेत घातांक शिकवताना हे उदाहरण का देत नाहीत कोण जाणे, निम्मा वर्ग जागा झाला असता.

याचा विजेत हिशेब असा. आपल्या काल्पनिक लाइनमधून दिवसाला पावणेसात कोटी लिटरच्या आसपास पाणी येतं. एक मीटरच्या पाइपला त्यासाठी रोज साधारण २६ हजार युनिट लागतील. ८० सेंटिमीटरच्या पाइपला ५६ हजार. पाइप एकदाच घ्यायचा असतो, वीजबिल दर महिन्याला येतं, आणि अशा योजना तीस-तीस वर्षं चालवायच्या असतात.

म्हणून मोठ्या पाणीयोजनेत ‘किफायतशीर व्यास’ काढणं हे एक स्वतंत्र काम असतं. पाइप जितका मोठा तितका खर्च सुरुवातीला, जितका लहान तितका खर्च रोज. या दोन रेषा जिथे एकत्र मिळून सर्वांत कमी खर्च देतात, तो व्यास निवडायचा. टेंडर उघडताना सगळ्यांना पाइपची किंमत दिसते. बिल मात्र पुढच्या वीस-तीस वर्षांत नगरपालिकेच्या दारात येत राहतं. राज्यात कितीतरी पाणीयोजना चांगल्या बांधूनही थकलेल्या वीजबिलापायी बंद पडतात, त्यामागे अनेकदा हे एवढंच असतं.

हे गणित कुणी शोधलं?

पाणी पाइपमधून जाताना किती अडतं, याचा पद्धतशीर अभ्यास फ्रान्समधल्या दिजाँ शहरातल्या एका इंजिनिअरने केला. त्याचं नाव हेन्री दार्सी. त्याने आपल्या गावाची पाणीपुरवठा योजना उभी केली आणि १८५७ मध्ये पाइपवरच्या प्रयोगांचे निकाल छापले. एक गोष्ट त्याने ठळकपणे दाखवली: पाइप आतून किती खडबडीत आहे, यावर घर्षण अवलंबून असतं.

मग १८८३ मध्ये मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. पाणी संथ होतं तोवर रंगाची रेघ सरळ राहिली. वेग वाढवला तसा एका टप्प्यावर रेघ थरथरली, फाटली आणि सगळं पाणी रंगीत झालं. सरळ वाहणारं पाणी आता भोवऱ्यांनी भरलं होतं. याला खळबळीत प्रवाह म्हणता येईल. शहराच्या मोठ्या लाइनमधलं पाणी वरून कितीही शांत वाटलं, तरी आतून ते असंच खळबळलेलं असतं. वीज खातात ती हे भोवरे.

१९३३ मध्ये जर्मनीत योहान निकुराडझे यांनी पाइपला आतून वाळूचे कण चिकटवून मोजमापं घेतली. आज इंजिनिअर जो तक्ता बघून पाइपचं घर्षण काढतात, त्याचं मूळ या वाळूत आहे. जुन्या लोखंडी पाइपला आतून गंजाच्या गाठी येतात तेव्हा तो निकुराडझेचा खडबडीत पाइपच बनतो. आपल्या उदाहरणातल्या लाइनचं घर्षण नुसत्या गंजाने दीडपट झालं, तर ५७ चे ८६ मीटर होतात. पंप तोच, पाणी कमी, बिल तेच.

मजेची गोष्ट म्हणजे प्रवाहाची मूळ समीकरणं, नेव्हियर आणि स्टोक्स यांची, एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत. पण ती त्रिमितीत नेहमी सुटतातच का, हे गणिताने अजून सिद्ध झालेलं नाही. त्यासाठी २००० साली अमेरिकेतल्या क्ले इन्स्टिट्यूटने दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. ते अजून कुणाला मिळालेलं नाही. म्हणजे जगाची पाणीयोजना अशा समीकरणांवर चालते, ज्यांच्याबद्दल गणितज्ञांची अजून पूर्ण खात्री पटलेली नाही.

लाइट गेली की पाइप का फुटतो?

सेकंदाला एक मीटर वेगाने निघालेलं पाणी ७० किलोमीटर जायला साडेएकोणीस तास घेतं. काल दुपारी पैठणला उचललेलं पाणी आज सकाळी जालन्यात. पण ‘पंप बंद पडला’ ही बातमी पाइपमधून एवढी सावकाश जात नाही. ती दाबाच्या लाटेच्या रूपाने जाते, आणि लोखंडी पाइपमध्ये या लाटेचा वेग सेकंदाला एक किलोमीटरच्या आसपास असतो. सत्तर सेकंदांत बातमी शहरात.

एक मीटर व्यासाच्या ७० किलोमीटर पाइपमध्ये एका वेळी ५५ हजार टन पाणी असतं. आता कल्पना करा, हे सगळं वजन चालत्या मालगाडीसारखं पुढे निघालंय आणि मागून इंजिन अचानक बंद झालं. पाणी जडत्वाने पुढे जात राहतं, मागे दाब पडतो, कुठे कुठे पाण्याचा स्तंभ तुटून वाफेची पोकळी तयार होते. मग तेच पाणी उलटं फिरतं आणि पोकळी धाडकन मिटते. याला वॉटर हॅमर म्हणतात. घरात तोटी झटकन बंद केली की पाइपमधून ‘ठक्’ असा आवाज येतो ना, तीच ही भानगड, फक्त हजारो पट मोठी.

मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यासाठी निकोलाय झुकोव्हस्की या शास्त्रज्ञाने १८९८ च्या सुमारास याचा नियम दिला. एक मीटर वेगाने जाणारं पाणी एकदम थांबवलं, तर दाबाचा फटका साधारण १०० मीटर उंचीच्या पाण्याएवढा बसतो. पाइप जर तेवढ्यासाठी बनवलेला नसेल तर तो सांध्यात उघडतो.

यावर उपाय ठरलेले आहेत. पंपाजवळ हवेच्या दाबाची टाकी, चढावर हवा आत-बाहेर करणारे व्हॉल्व्ह, हळूहळू बंद होणारे झडपे. रस्त्याच्या कडेला लाइनवर मध्येच उभी असलेली, फुरफुरणारी लोखंडी टोपी तुम्ही पाहिली असेल. तो एअर व्हॉल्व्ह. उन्हाळ्यात त्याच्याभोवती हंडे लागतात, कुणी तो सैल करून पाणी भरतं. तहानलेल्या माणसाला दोष देणं अवघड आहे. पण तो व्हॉल्व्ह बिघडला की पुढच्या लाइट जाण्याला पाइप उघडा पडतो.

हवेचं हे शास्त्र मराठवाड्याला नवीन नाही बरं का. जालना १ मे १९८१ ला वेगळा जिल्हा होईपर्यंत ज्या औरंगाबाद जिल्ह्यात होता, तिथे मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर बांधली. जमिनीखालून पाणी, मातीचे पाइप, आणि ठरावीक अंतरावर उभे केलेले उंच मनोरे. या मनोऱ्यांतून पाणी वर चढून पुन्हा खाली उतरायचं, अडकलेली हवा निघून जायची आणि दाब ताब्यात राहायचा. रेनॉल्ड्स आणि दार्सी जन्माला यायच्या दोनशे वर्षं आधी. समीकरण कुणाकडे नव्हतं, पण पाणी पोचत होतं.

आठवड्याचं पाणी तीन तासांत

शहरात पाणी आलं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. मराठवाड्यातल्या बहुतेक शहरांसारखंच जालन्यातही नळाला रोज पाणी येत नाही. उन्हाळ्यात तर किती दिवसांनी येईल याचा नेम नसतो. आणि इथे प्रवाहाचं गणित आणखी वाईट वागतं.

एका गल्लीला आठवड्याला जेवढं पाणी लागतं, ते संथपणे चोवीस तास सोडलं तर छोटी धार पुरते. तेच पाणी आठवड्यातून एकदा तीन तासांत द्यायचं ठरवलं तर प्रवाह ५६ पट करावा लागतो. घर्षण प्रवाहाच्या वर्गाने वाढतं. ५६ चा वर्ग ३,१३६. एवढा दाब गल्लीतला पाइप देऊच शकत नाही. मग काय होतं? टाकीजवळच्या घरांत धो-धो, आणि शेवटच्या घरात करंगळीएवढी धार.

शेवटचं घर मग नळालाच मोटार लावतं. चूक कुणाची हे बाजूला ठेवू, परिणाम बघू. मोटार पाणी ओढते म्हणजे पाइपमधला दाब कमी करते. शेजारच्या घराची धार आणखी बारीक होते, म्हणून तेही मोटार लावतं. गल्लीतल्या दहा मोटारी एकाच पाइपवर ओढाओढ करतात. जास्त पाणी येत नाही, आहे तेच वाटून जातं, फक्त आता विजेवर. आणि एका टप्प्यावर पाइपमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. मग गळक्या सांध्यातून पाणी बाहेर जात नाही, बाहेरचं आत येतं. सांधा गटाराशेजारी असेल तर काय आत येतं हे सांगायला नको. पाणी आल्यावर पहिली दहा मिनिटं ते गढूळ का असतं, याचं एक कारण हे.

चोवीस तास पाणी देण्याचा आग्रह इंजिनिअर धरतात तो चैनीसाठी नाही. पाइप कायम भरलेला आणि दाबात असेल तर घाण आत शिरत नाही, रिकाम्या पाइपमध्ये हवा कोंडत नाही आणि कुणाला मोटार लावावी लागत नाही. पण त्यासाठी आधी गळती बंद करावी लागते, कारण दाबाखालचा पाइप चोवीस तास गळतो. अडचण अशी गोल आहे.

पंप: एक पाय ॲक्सिलरेटरवर, एक ब्रेकवर

कितीतरी पंपहाऊसमध्ये पाणी कमी करायचं असेल तर व्हॉल्व्ह अर्धा बंद करतात. पंप पूर्ण जोराने फिरतोच आहे, आणि पुढे आपणच अडवतोय. गाडी चालवताना ॲक्सिलरेटर दाबून ब्रेकवर पाय ठेवावा, तसं.

दुसरा मार्ग म्हणजे मोटारीचा वेगच कमी करणं. त्यासाठी ड्राइव्ह नावाचं यंत्र मिळतं. जिथे सगळा विरोध घर्षणाचाच आहे, तिथे पंपाची शक्ती वेगाच्या घनाने बदलते. वेग २० टक्के कमी केला की शक्ती जवळपास निम्मी लागते. अर्थात चढ जास्त असेल तर एवढी बचत होत नाही, कारण उंची घासून कमी होत नाही. ड्राइव्ह विकणारे ही बाब हळू आवाजात सांगतात.

पंपाला आणखी एक आजार असतो, कॅव्हिटेशन. पंपाच्या तोंडाशी दाब फार पडला की पाणी साध्या तापमानालाच उकळतं. बुडबुडे तयार होतात, पुढे दाब वाढला की ते फुटतात. पंपात खडे घातल्यासारखा आवाज येतो आणि काही महिन्यांत धातूच्या पात्याला वाळवी लागल्यासारखी भोकं पडतात. धरणाची पातळी उन्हाळ्यात खाली जाते तेव्हा हा धोका वाढतो. दुष्काळात पाणीही कमी आणि पंपही आजारी, असा तो दुहेरी मार.

पण हाच बुडबुडा कामाला लावता येईल का? हा प्रश्न मुंबईतल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या, म्हणजे आयसीटीतल्या, संशोधकांनी विचारला. प्रा. अनिरुद्ध पंडित आणि प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी १९९३ मध्ये बुडबुड्यांच्या या स्फोटाचा वापर तेलाच्या रासायनिक प्रक्रियेसाठी करून दाखवला. बुडबुडा मिटताना त्या सुईच्या टोकाएवढ्या जागेत प्रचंड तापमान आणि दाब तयार होतो. आजूबाजूचं पाणी मात्र थंडच राहतं. पंडित यांच्या गटाने पुढे सांडपाणी शुद्ध करण्यापर्यंत हा विषय नेला. पंपाचा शत्रू रसायनाच्या कामाला लागला.

चुलीवरच्या भांड्यापर्यंत

जोशी मूळचे सातारा जिल्ह्यातले. १९९९ ते २००९ ते आयसीटीचे संचालक होते, २०१४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांचं मुख्य काम बुडबुड्यांच्या स्तंभांवर आहे. उंच टाकीत द्रव, खालून वायू सोडायचा, आणि बुडबुडे वर जाताना सगळं ढवळलं जातं. औषधांपासून इंधनापर्यंत कितीतरी कारखान्यांत अशी यंत्रं असतात. पूर्वी ती अनुभवाच्या सूत्रांवर बांधायचे. आत प्रत्यक्ष काय चाललंय ते मोजून, कॉम्प्युटरवर प्रवाह सोडवून यंत्र बांधायचं, ही दिशा ज्यांनी भारतात रुजवली त्यांच्यात जोशींचं नाव वरचं आहे.

याच लोकांनी एकदा स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. भात शिजवताना गॅसची किती उष्णता खरंच भातात जाते आणि किती भांड्याच्या कडेने हवेत निघून जाते? जोशी, पंडित आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कार्यक्षम स्वयंपाक भांड्यांवर शोधनिबंधांची मालिकाच छापली. एकात प्रयोग, एकात कॉम्प्युटरवर हवेचा आणि वाफेचा प्रवाह, एकात डाळ-भात शिजण्याचा वेग. गरम हवा वर जाते, भांड्याला शिवून निघून जाते. तिला थोडा वेळ थांबवलं आणि भांड्याभोवती कवच दिलं तर गॅस वाचतो. रोज कोट्यवधी चुली पेटणाऱ्या देशात हे छोटं काम नाही.

हे सगळं जालन्याच्या गोष्टीत का? कारण याच आयसीटीचं मराठवाडा केंद्र २०१८ मध्ये जालन्यात सुरू झालं. १९३३ पासून मुंबईत असलेली संस्था बियाण्यांच्या आणि लोखंडाच्या गावात आली.

आणि लोखंड

‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण. आज तो पाळणा सळईचा आहे. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया बनवणारे कारखाने ओळीने उभे आहेत, आणि ते विजेचे मोठे ग्राहक आहेत.

भट्टी विजेची असते. तांब्याच्या पोकळ वेटोळ्यातून वीज जाते, मधलं भंगार वितळतं. एक टन पोलाद वितळवायला निसर्गनियमाने साधारण ३८० युनिट पुरेत. प्रत्यक्षात ५०० च्या वरच लागतात. मधली वीज कुठे जाते? एक मोठा वाटा त्या तांब्याच्या वेटोळ्यात उष्णता होऊन जातो, आणि ती उष्णता काढायला वेटोळ्याच्या आतून सतत पाणी खेळवावं लागतं. हे पाणी मुद्दाम खळबळीत ठेवतात. शहराच्या लाइनमध्ये जे भोवरे वीज खातात, तेच इथे तांबं वितळण्यापासून वाचवतात. पाणी संथ झालं, क्षार साठले, की वेटोळं जळतं.

भट्टीत वितळलेलं लोखंड स्वतःहूनही ढवळलं जातं. चुंबकीय बळ त्याला मधोमध फुगवतं आणि कडेने खाली नेतं. त्यामुळे मिश्रण एकजीव होतं. पण जास्त ढवळलं तर भट्टीचं अस्तर झिजतं. किती ढवळायचं, हाही प्रवाहाचाच प्रश्न.

सगळ्यांत देखणा प्रकार मात्र सळईच्या शेवटच्या टप्प्यात असतो. तवा तापलाय का हे बघायला आपण पाण्याचे थेंब टाकतो. तवा बेताचा गरम असेल तर थेंब चर्र करून उडून जातो. फार तापला असेल तर थेंब नाचत राहतो, लवकर आटत नाही. कारण त्याच्याखाली वाफेची गादी तयार होते. १७५६ मध्ये लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने हे नोंदवलं.

रोलिंग मिलमधून हजार अंशांच्या आसपास तापलेली सळई बाहेर येते. तिच्यावर नुसतं पाणी ओतलं तर तीच गादी तयार होईल आणि सळई सावकाश, कुठे कमी कुठे जास्त थंड होईल. म्हणून सळई एका नळीतून पळवतात आणि तिच्याभोवती दाबाचं पाणी इतक्या वेगाने सोडतात की वाफेची गादी टिकतच नाही. सेकंदाच्या आत बाहेरचा थर कडक होतो. आतला गाभा अजून लाल असतो, त्याची उष्णता बाहेर येऊन कडक थराला थोडं मऊ करते. बाहेरून टणक, आतून लवचीक. ‘टीएमटी’ म्हणतात ते हेच. भूकंपात इमारत वाकेल पण तुटणार नाही, याची काळजी त्या क्षणभराच्या पाण्याने घेतलेली असते. पाण्याचा दाब एका बाजूने कमी पडला तर कडक कडं एका बाजूला पातळ होतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

म्हणजे दुष्काळी जिल्ह्यातल्या लोखंडालाही पाणी लागतंच. तेच पाणी गार करून, गाळून पुन्हा पुन्हा फिरवणं याला इथे पर्याय नाही.

कडवंचीची नळी

जालना तालुक्यातलं कडवंची हे गाव पाणलोटाच्या कामासाठी आणि शेततळ्यांवरच्या द्राक्षबागांसाठी राज्यभर माहीत आहे. शेततळ्यात मोजकं पाणी, ते ठिबकने झाडाला.

ठिबकच्या ड्रिपरमध्ये डोकावलं तर आत एक नागमोडी वाट दिसते. ती शोभेची नाही. साध्या बारीक नळीतून पाणी संथ वाहतं आणि दाब २० टक्के वाढला की पाणीही २० टक्के वाढतं. नागमोडी वाटेत पाणी मुद्दाम खळबळतं, आणि मग दाब २० टक्के वाढला तरी पाणी दहा टक्क्यांच्या आतच वाढतं. त्यामुळे मोटारीजवळच्या झाडाला आणि बांधाजवळच्या झाडाला जवळपास सारखं पाणी मिळतं. शिवाय वाट रुंद ठेवता येते, लवकर चोंदत नाही. शहराच्या गल्लीत शेवटच्या घराला जे मिळत नाही, ते शेवटच्या वेलीला मिळतं.

पुन्हा घाणेवाडी

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मोसंबीच्या बागा वाळल्या, शहर टँकरवर आलं, घाणेवाडी कोरडी पडली. त्या काळात जालन्यातल्या नागरिकांनी आणि उद्योजकांनी पैसे जमवून तलावातला गाळ काढायला घेतला. शेतकऱ्यांनी तो शेतात नेऊन टाकला.

गाळ का साठतो याचंही गणित आहे. १८५१ मध्ये स्टोक्सने दाखवलं की बारीक कण पाण्यात किती वेगाने खाली बसतो हे त्याच्या आकाराच्या वर्गावर ठरतं. दहापट लहान कण शंभरपट सावकाश बसतो. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात भोवरे मातीला तरंगत ठेवतात. तलावात शिरताच पाणी थांबतं, भोवरे विझतात, आणि माती बसायला सुरुवात होते. आधी वाळू तोंडाशी, मग पोयटा, आणि काळी चिकण माती पार आतपर्यंत. दर पावसाळ्यात एक थर.

घाणेवाडीतून काढलेल्या प्रत्येक ट्रॅक्टर ट्रॉलीच्या जागी तेवढंच पाणी मावतं. आणि ते पाणी शहरात यायला एक युनिटही लागत नाही, कारण तलाव बांधणाऱ्यांनी जागा निवडतानाच उंची मोजून ठेवली होती.